सामुराईंची शस्त्रे आणि चिलखते: डिजिटल प्रतिकृतीआधीचा अभ्यास कसा करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ब्लेंडर हे त्रिमितीय आकार घडवण्याचे सॉफ्टवेअर शिकून घरबसल्या पुण्या-बंगळुरूच्या स्टुडिओंसाठी मॉडेल करणारी मुले-मुली आता सहज भेटतात, आणि त्यांच्या नमुनाकामांत एखादा तरी सामुराई असतोच. त्यांतले बरेचसे सामुराई दिसायला झकास असले तरी जाणत्या परीक्षकापुढे टिकत नाहीत. ते एखाद्या खेळातल्या पात्रावरून, चित्रपटातल्या वेशभूषेवरून किंवा दुसऱ्या कोणाच्या मॉडेलवरून उचललेले असतात, त्यामुळे शिरस्त्राण सोळाव्या शतकातले, खांद्यावरचे पट्टे तेराव्या शतकातले आणि कमरेची तलवार एकोणिसाव्या शतकातली, अशी खिचडी होऊन बसते. संगणकावरची कौशल्ये वाचकाला येतात असे गृहीत धरून, त्याआधी करायच्या अभ्यासाविषयी येथे लिहिले आहे.

आधी एक वस्तू निवडावी

जपानात सामुराईंची पहिली राजवट, कामाकुरा, ११८५ च्या सुमारास सुरू झाली आणि जाहीरपणे तलवार बाळगण्यावर बंदी घालणारा हुकूम १८७६ साली निघाला. या जवळजवळ सात शतकांत लढाईची पद्धत बदलली आणि तिच्याबरोबर चिलखतही बदलले. सुरुवातीच्या काळातले ‘ओ-योरोई’ हे घोड्यावरून बाण मारणाऱ्या योद्ध्याचे पेटीसारखे चौकोनी चिलखत. त्याचा बहुतेक भार खांद्यांवर येई. ‘दो-मारू’ आणि ‘हारामाकी’ ही पायी लढणाऱ्यांची अंगासरशी बसणारी चिलखते. पहिले उजव्या कुशीत बांधतात, दुसरे पाठीमागे. सोळाव्या शतकात भाल्यांच्या आणि बंदुकांच्या मोठ्या फौजा उभ्या राहिल्या, तेव्हा ‘तोसेई-गुसोकु’ हा सुटसुटीत, मोठ्या पत्र्यांचा प्रकार रूढ झाला. म्हणून ‘सामुराईचे चिलखत करतो आहे’ एवढे ठरवून भागत नाही. कोणत्या संग्रहालयातले, कोणत्या नोंद क्रमांकाचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिता आले पाहिजे.

नवशिक्याने ज्याचा मालक आणि काळ ठाऊक आहे असेच चिलखत घ्यावे. सेंदाई शहराच्या संग्रहालयात दाते मासामुने (१५६७–१६३६) या सरदाराचे काळ्या रोगणाचे, पाच भागांच्या धडाचे चिलखत आहे; अलंकार कमी असल्याने त्याची बांधणी डोळ्यांना लगेच कळते. इंग्लंडमधल्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात शोगुन (जपानचा लष्करी शासक) तोकुगावा हिदेतादा याने १६१३ साली राजा पहिला जेम्स याला भेट म्हणून पाठवलेले चिलखत आहे आणि त्याचा कारागीर, नारा येथील इवाई योझाएमोन, हाही ज्ञात आहे. भरगच्च ओ-योरोई करायचा मोह प्रत्येकाला होतो, परंतु माझ्या मते ते दुसरे किंवा तिसरे काम असावे.

निवड करताना एका सापळ्याची जाणीव ठेवावी. इदो काळात (१६०३–१८६८) देशात दीर्घ शांतता होती आणि सरदारांना मिरवणुकीसाठी व घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी जुन्या घाटाची चिलखते हवी असत. त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तेराव्या-चौदाव्या शतकाच्या धर्तीची पुष्कळ चिलखते बनली. ती सुंदर आहेत, त्यांची छायाचित्रेही ठळक असतात आणि शोधात तीच आधी वर येतात. शिवाय शिरस्त्राण एका काळचे, मुखवटा दुसऱ्या काळचा आणि धड तिसऱ्याच ठिकाणचे, असे जुळवलेले संचही संग्रहांत असतात. प्रामाणिक संग्रहालय तसे नोंदीत लिहिते, म्हणून चित्राखालचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. एकाच वस्तूपुढे दोन शतके लिहिलेली दिसली, तर कोणता भाग कोणत्या शतकाचा, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

साधने कुठे शोधावीत आणि त्यांवर किती विसंबावे

घरबसल्या सर्वांत उपयोगी पडते ते ‘कोलबेस’ हे जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचे एकत्रित दालन. तोक्यो, क्योतो, नारा आणि क्युशू येथील संग्रह त्यात एका जागी शोधता येतात आणि श्रेय नमूद करण्याच्या अटीवर तेथील प्रतिमा व्यावसायिक कामातही वापरता येतात. तरीही प्रत्येक वस्तूच्या पानावरची अट स्वतंत्रपणे वाचण्याची सवय ठेवावी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने स्वामित्वहक्काच्या बंधनात नसलेल्या आपल्या वस्तूंच्या प्रतिमा २०१७ पासून विनाअट खुल्या केल्या आहेत आणि त्यांच्याकडचा जपानी शस्त्रसंग्रह मोठा आहे. तेथे एका चिलखताची पाठ, कूस आणि सुटे भाग वेगवेगळे टिपलेले मिळू शकतात. मॉडेल करणाऱ्याला नेमके तेच लागते.

रोमन लिपीतल्या नावाने शोधले की थोडे सापडते आणि तेच तेच सापडते. संग्रहालयाच्या पानावरून वस्तूचे जपानी लिपीतले नाव जसेच्या तसे उचलून शोधपेटीत टाकावे आणि आलेले पान यांत्रिक भाषांतरातून वाचावे. हे भाषांतर भागांच्या नावांत हमखास गोंधळ घालते, म्हणून काबुतो (शिरस्त्राण), शिकोरो (मानेवरची झालर), मेंपो (मुखवटा), दो (धड), सोदे (खांद्याचे पट्टे), कोते (बाह्या), कुसाझुरी (कमरेखालचे लोंबते पट्टे), हाइदाते (मांड्यांचे संरक्षण) आणि सुनेआते (नडग्यांचे संरक्षण) एवढी नावे तोंडपाठ असावीत.

जुनी चित्रे हे दुसरे साधन. १२७४ आणि १२८१ च्या मंगोल स्वाऱ्यांत लढलेल्या ताकेझाकी सुएनागा याने आपला पराक्रम चित्रपटात, म्हणजे लांबलचक गुंडाळीवर, रंगवून घेतला. चिलखत अंगावर असताना माणूस घोड्यावर कसा बसे, सोदे कुठे सरकत, बाणांचा भाता कुठे लटके, हे तिथे दिसते. त्या गुंडाळीच्या काही भागांत नंतर भर पडली असावी असे काही अभ्यासक मानतात, त्यामुळे एखाद्या विचित्र तपशिलाला तेवढाच एक आधार असेल तर तो सोडून द्यावा. एकोणिसाव्या शतकात कुनियोशीसारख्या चित्रकारांनी छापलेल्या योद्ध्यांच्या चित्रांत जोश अफाट आहे, पण तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाया त्यांनी कल्पनेने रंगवल्या होत्या. १८६० च्या दशकात फेलिचे बेआतो याने योकोहामात काढलेल्या छायाचित्रांचेही तसेच. छायाचित्र आहे म्हणून ते खरे मानण्याचा कल असतो. परंतु त्यांतले कित्येक प्रसंग स्टुडिओत रचलेले आहेत आणि रंग नंतर हाताने भरलेले आहेत. कापड अंगावर कसे पडते हे पाहायला ती उत्तम, रंग ठरवायला निरुपयोगी.

प्रत्यक्ष वस्तू पाहण्याला पर्याय नाही. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जपानी दालन आहे आणि त्यात सामुराई तलवारीही आहेत. तेवढा प्रवास जमत नसेल तर कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातला शस्त्रसंग्रह तासभर नुसता प्रकाशासाठी पाहावा. तिथली पाती जपानी नाहीत, पण जुने पोलाद खिडकीच्या उजेडात कसे दिसते आणि आपण दोन पावले सरकलो की त्यावरची चमक कशी धावते, हे पडद्यावर शिकता येत नाही. सीमाभागातल्या मुलांना मर्दानी खेळ आणि दांडपट्टा जवळचे असतात. ती सवय शरीरस्थिती ठरवताना मात्र बाजूला ठेवावी. पट्ट्याची फेक आणि दोन्ही हातांनी धरलेल्या कतानाचा (लांब जपानी तलवारीचा) वार यांत खांदा, मनगट आणि पायांची ठेवण पूर्ण वेगळी असते.

चिलखत: कोणता भाग कशाने धरला आहे

प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारावा: हा भाग शेजारच्या भागाला कशाने धरून आहे? गोफाने, रिव्हेटने, बिजागरीने की आतल्या कापडाने? उत्तर येईपर्यंत त्या भागाचे मॉडेल सुरू करू नये. आकाराची चूक नंतर ओढूनताणून दुरुस्त करता येते. जोडणीची चूक राहिली तर पात्र हलू लागताच चिलखत एकमेकांत घुसते.

जुन्या चिलखताचे मूळ एकक म्हणजे ‘कोझाने’, लोखंडाचे किंवा कच्चे कातडे ठोकून घट्ट केलेले लहान उभट खवले. ते एका रांगेत असे लावतात की प्रत्येक खवला शेजारच्याचा सुमारे अर्धा भाग झाकतो, म्हणजे पट्टी जवळजवळ सर्वत्र दुहेरी जाडीची होते. रांग कातडी वादीने बांधून झाल्यावर तिच्यावर रोगणाचे थरांवर थर चढतात आणि सुटे खवले एक सलग, ताठ पट्टी बनतात. मॉडेल करताना यातून दोन गोष्टी निघतात. एक, रांगेतले खवले एकमेकांपासून हलता कामा नयेत. हालचाल असते ती दोन रांगांमध्ये. दोन, खवल्यांच्या कडा धारदार नसून रोगणाने फुगून गोलसर झालेल्या असतात. एक खवला नीट घडवून ‘अ‍ॅरे’ने रांग करावी, मग सबंध रांगेच्या कडा एकत्र मऊ कराव्यात. ओ-योरोईत असे हजारावर खवले असतात, त्यामुळे खेळासाठीच्या मॉडेलात शेवटी ते नॉर्मल मॅपमध्येच उतरवावे लागतात. पण ज्यावरून तो मॅप भाजायचा ते मूळ मॉडेल खरे असले पाहिजे.

रांगा एकमेकींना जोडणारे रेशमी गोफ म्हणजे ‘ओदोशी’. ‘केबिकी’ पद्धतीत गोफ एकमेकांना खेटून असल्याने पट्टी जवळजवळ रेशमाचीच दिसते, तर ‘सुगाके’त गोफांच्या जोड्या अंतराअंतराने येतात आणि मधले रोगण उघडे राहते. केबिकी जुनी आणि वेळखाऊ; सुगाके सोळाव्या शतकातल्या घाईच्या काळाला सोयीची. खालची रांग वरच्या रांगेच्या बाहेरून आहे की आतून, हे कुशीकडून काढलेल्या छायाचित्रातच कळते, समोरच्या चित्रावरून अंदाज करू नये. ब्लेंडरमध्ये गोफ ‘कर्व्ह’वर चढवावेत आणि त्यांना सरळ ताणू नये, वजनाने रांग लोंबते तेव्हा गोफ भोकापाशी दुमडतो आणि मध्ये किंचित फुगतो. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकरांकडे रेशमाची लड उजेडात फिरवून पाहावी. चमक धाग्याच्या लांबीला आडवी सरकते, म्हणून त्या मटेरियलला ‘अनायसोट्रोपी’ लागते. ती नसेल तर गोफ प्लॅस्टिकचा वाटतो.

आता रोगण. उरुशी हा एका झाडाचा चीक आहे. त्यात काळा, लाल, तपकिरी असे मोजकेच रंग परंपरेने साधत आणि शुभ्र पांढरा साधत नसे. पांढऱ्याफेक रोगणाचे चिलखत दिसले की ते कल्पनेतले समजावे. याहून मोठी चूक मात्र मेटॅलिक मॅपमध्ये होते. पट्टी लोखंडाची आहे म्हणून संपूर्ण भागाचे मेटॅलिक मूल्य १ ठेवले जाते. डोळ्यांना लोखंड दिसतच नसते; दिसते ते रोगण, आणि रोगण धातू नव्हे. तिथे मूल्य ० हवे, रफनेस कमी हवा आणि रंग थेट काळा न ठेवता तपकिरीकडे थोडा झुकता हवा. जिथे रोगणाचा टवका उडाला आहे तिथेच, खालचे लोखंड उघडे पडून गंजले नसेल तर, मूल्य १ वर न्यावे. गंज हाही धातूसारखा चमकत नाही. एवढा एक बदल केला तरी निम्मी मॉडेले सुधारतील.

झीज दाखवतानाही ती कुठे होते ते पाहावे. कातडी पट्ट्यांच्या भोकांभोवती ओढ कशी पडते हे पाहायला आपल्याकडे लांब जावे लागत नाही. अथणी-निपाणीकडच्या चपला बनवणाऱ्यांकडे जाड कातड्याची कापलेली कड आणि वादीने रुंदावलेले भोक जवळून टिपता येते. त्यांचे कातडे कमावलेले असते आणि जपानी पट्टीतले कच्चे असे, हा फरक ध्यानात ठेवून तेथून रंग घेऊ नये, ताणाची घडण घ्यावी. रंगांविषयी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. तोक्योजवळच्या मुसाशी मिताके देवस्थानातल्या लाल गोफांच्या ओ-योरोईची मेइजी काळात (१८६८–१९१२) दुरुस्ती झाली. तेव्हा घातलेले रासायनिक रंगाचे गोफ फिकट पडले आहेत आणि मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांनी रंगवलेले मूळ गोफ अजून लाल आहेत. ‘जुने म्हणजे फिके’ हा आपला हिशेब त्या चिलखतावर उलटा पडतो.

सममितीचाही विचार करावा. धड अर्धे करून ‘मिरर’ लावणे सोपे, परंतु ओ-योरोईच्या उजव्या छातीवरची ‘सेंदान-नो-इता’ ही खवल्यांची पट्टी असते आणि डाव्या छातीवरची ‘क्युबी-नो-इता’ एकसंध पत्र्याची. उजव्या कुशीला ‘वाइदाते’ हा वेगळा भाग असतो, आणि पुढच्या बाजूला छापील कातडे असते ते प्रत्यंचा खवल्यांत अडकू नये म्हणून. मासामुनेच्या शिरस्त्राणावरची चंद्रकोरही दोन्ही बाजूंना सारखी नाही, तिचे उजवे टोक आखूड आहे. मुखवट्यांना चिकटवलेल्या मिशा हा भाग तर शब्दशः केसाळ आहे. हेअर पार्टिकलची हौस असेल त्याने तिथे भागवून घ्यावी.

तलवार

तलवारीची मापे संग्रहालयाच्या नोंदीत सापडतात, पण ती कशी मोजली आहेत हे ठाऊक हवे. लांबी म्हणजे टोकापासून मुठीजवळच्या पाठीवरल्या खाचेपर्यंतचे सरळ अंतर. वळणावरून फिरवलेली फीत नव्हे. बाक, म्हणजे ‘सोरी’, हे त्या सरळ रेषेपासून पाठीपर्यंतचे सर्वांत मोठे अंतर. समजा लांबी ७० सेंटिमीटर आणि बाक १.५ सेंटिमीटर आहे. लांबीचा वर्ग बाकाच्या आठपटीने भागावा आणि त्यात बाकाचा निम्मा भाग मिळवावा. सुमारे ४०९ सेंटिमीटर त्रिज्या येते. त्या वर्तुळाचा तुकडा हा आराखड्याचा आरंभ. पुढे बाक कुठे जास्त आहे ते छायाचित्रावर ताडावे, कारण काही पात्यांचा बाक मुठीकडे, काहींचा मध्यावर आणि काहींचा टोकाकडे असतो आणि त्यावरून काळ व घराणे ओळखले जाते. वक्र मराठा तलवारीचा बाक हाताला बसलेला आपला मॉडेलकार येथे नकळत पाते अधिक वळवतो. आकडे समोर असतील तर हात आवरतो.

जपानी वर्गीकरण ‘शाकु’ या मापावर चालते. एक शाकु ३०.३ सेंटिमीटरचा. दोन शाकुंहून लांब ती कताना किंवा ताची, एक ते दोनच्या दरम्यान वाकिझाशी, एकाहून कमी ती तांतो. ताची धार खाली करून लटकवतात, कताना धार वर करून कमरबंदात खोवतात. पात्याच्या मुठीतल्या भागावर कारागिराची सही सामान्यतः बाहेर दिसणाऱ्या बाजूला असते, म्हणून दोहोंत ती विरुद्ध बाजूंना येते. कित्येक लांब ताची पुढे मुठीकडून कापून कताना केल्या गेल्या, आणि तशा पात्याला जादा भोके दिसू शकतात.

धारेलगतची ‘हामोन’ ही ढगाळ रेषा बहुतेक जण पांढऱ्या रंगाने काढतात. ती रंगाची रेषा नाही. मातीचा लेप देऊन पाते विझवताना धार पाठीपेक्षा झपाट्याने थंड होते, दोन्हीकडच्या पोलादाची घडण वेगळी होते आणि प्रकाश वेगळा परावर्तित होतो. म्हणून ती रफनेस मॅपमध्ये घालावी, बेस कलरमध्ये फार तर पुसटशी. संग्रहालयांची छायाचित्रे हामोन उठून दिसावी असा प्रकाश लावून काढलेली असतात; तेवढे ठळक ते हातातल्या तलवारीत दिसत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ग्राइंडिंग केलेल्या पोलादाचा फोटो टेक्श्चर म्हणून वापरण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण त्यावर एकाच दिशेच्या रेघा असतात, आणि जपानी पाते टप्प्याटप्प्याने अधिक बारीक कणांच्या दगडांनी घासून उजळलेले असते.

बरीच पाती साध्या लाकडी म्यानात किंवा उघडी ठेवलेली असतात. सजावटीची मूठ, ढालकी आणि म्यान हा स्वतंत्र संच असतो आणि तो पात्याच्या काळचा असेलच असे नाही. मुठीखाली मुशीसारख्या माशाचे खडबडीत कातडे आणि त्यावर चौकटी पाडत गुंडाळलेली फीत असते. चांगल्या कामात प्रत्येक छेदाला वरून जाणारी फीत आळीपाळीने बदलते. एकच छेद करून तो सरळ डुप्लिकेट केला की हे निसटते.

धनुष्य, भाला आणि बंदूक यांना थोडक्यात आटोपता येते. ‘युमी’ सुमारे २२१ सेंटिमीटर लांब आणि तिची पकड मध्यावर नसून खालून एक तृतीयांशाच्या आसपास असते. ‘यारी’च्या पात्याचे शेपूट दांड्यात खोलवर गेलेले असते, म्हणून दांड्याचे तोंड धातूच्या कड्यांनी आणि दोऱ्याने आवळलेले दाखवावे. तोड्याची बंदूक जपानात १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर आली, आणि पोर्तुगीज त्यापूर्वी १५१० पासून गोव्यात होते. चोर्ल्याच्या घाटापलीकडच्या त्या बंदराचा आणि जपानी बंदुकीच्या चापाच्या बनावटीचा संबंध असावा असे काही अभ्यासक मानतात. या बंदुकीला खांद्याला टेकवायचा दस्ता नसतो, ती गालाशी धरतात. युरोपीय मस्केटचे मॉडेल घेऊन ती करायला बसू नये.

नोंदी आणि मोजमाप

फाइल उघडताच एकक सेंटिमीटर करावे आणि पहिल्यांदा १५५ ते १६० सेंटिमीटर उंचीचा पुतळा उभा करावा. सहा फुटी तयार पुतळ्यावर जुने चिलखत ताणले की सगळी प्रमाणे बिघडतात. प्योररेफसारख्या फलकावर चित्रे लावताना प्रत्येकाखाली संग्रहालय, नोंद क्रमांक, काळ आणि वापराची अट टंकावी, आणि समोर, पाठ, कूस, आतली बाजू असे कप्पे करावेत. आतल्या बाजूचा कप्पा रिकामा राहिला तर त्याच शतकातल्या दुसऱ्या चिलखताचा आतला भाग घ्यावा. जे भाग असे उसने घेतले किंवा अंदाजाने केले, त्यांना मॉडेलात वेगळ्या कलेक्शनमध्ये ठेवून ‘अंदाज’ असे नाव द्यावे. काम सुपूर्द करताना हीच यादी श्रेयनामावलीसोबत जोडावी, म्हणजे स्टुडिओतल्या पुढच्या माणसाला कोणता भाग बेधडक बदलता येईल आणि कोणता नाही, हे विचारावे लागत नाही.